एकमत नाही

जपानमधल्या हिगाशी-कसाई वस्तीतल्या रविवारच्या मराठी वर्गात प्रणिता मुलींना इतिहास सांगत होती. "एकोणीसशे एकोणीस साली जागतिक शांतता परिषदेत जपाननं ठराव मांडला, सगळे वंश समान माना. सतरापैकी अकरा मतं बाजूनं पडली. पण अध्यक्षस्थानी होते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्सन. ते म्हणाले, एकमत नाही, ठराव नामंजूर!"

"लबाडीच की ही!" मुली चिडल्या.

शमानं हात वर केला. "टीचर, माया आमच्या नाचात हवी होती. तुम्ही म्हणालात, पालकांचं एकमत नाही. कुणाचे आईबाबा नको म्हणाले?"

माया म्हणजे हॉटेलात भांडी घासणाऱ्या नेपाळी बाईंची मुलगी. प्रणितानं पालकांना विचारलंच नव्हतं.

"कुणाचेच नाही," ती मान खाली घालून म्हणाली. "मीच."