डावा पाय

मामांनी बस सुरू केली आणि डाव्या बुटातला खडा टोचला. चेहऱ्यावरचं हसू मात्र त्यांनी ढळू दिलं नाही. शेजारच्या सीटवर परीक्षा घेणारे साहेब बसले होते.

डेपोतल्या डिझेलच्या बस गेल्या, विजेच्या आल्या. धूर नाही, खडखडाट नाही. शर्टाला डिझेलचा वास येईना, म्हणून मामांची बायको पहिल्या दिवसापासून नव्या बसच्या बाजूने. मामांनाही बस आवडली. आवडली नव्हती ती फक्त त्यांच्या डाव्या पायाला. उभा जन्म क्लच दाबण्यात गेलेला. नव्या बसला क्लचच नाही. पण ब्रेक मारायची वेळ आली की पाय आपला रिकाम्या जागेवर धप्पकन आपटायचा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातली गत.

नियम कडक होता. क्लच शोधणाऱ्याचं लक्ष ब्रेकवर नसतं, म्हणून परीक्षेत पाय आपटला की स्टिअरिंग सुटलं आणि गेटवरची पहाऱ्याची खुर्ची मिळाली. शिकवणी म्हणाल तर एका सकाळची. मामांच्या तिघा सोबत्यांना साहेबांनी असंच खड्यासारखं बाजूला काढलं होतं. गेटवरून जाताना मामा त्या खुर्चीकडे बघायचंच टाळायचे. शेवटी बायकोनेच उपाय काढला. आज निघताना बुटात खडा टाकून म्हणाली, "आता आपटा, किती आपटायचाय तो!"

"मामा, लंगडताय का आज?" साहेबांनी विचारलं.

"बुटात खडा आहे, साहेब. बायकोने टाकलाय. पायाला आठवण राहावी म्हणून."

साहेब खो खो हसले. तेही जुने डिझेलवालेच, पण टेबलामागे बसून त्यांना आता बरीच वर्षं झाली होती.

तेवढ्यात एक कुत्रं आडवं आलं. मामांनी ब्रेक मारला. बस जागच्या जागी थांबली, आणि धप्प असा आवाज झाला.

मामांना वाटलं, संपलं सगळं. त्यांनी भीत भीत खाली पाहिलं. पाय शहाण्यासारखा जागेवर होता.

मग त्यांनी शेजारी पाहिलं. साहेबांचा डावा पाय पुढच्या पत्र्यावर घट्ट रोवलेला होता.

साहेबांनी तो हळूच मागे घेतला आणि रस्त्याकडे पाहिलं. कुत्रं केव्हाच निघून गेलं होतं.

"वहिनींना एक निरोप द्या," ते म्हणाले. "गेटवरच्या तिघांना उद्यापासून परत घेतोय. महिनाभर नीट शिकवायचं. खडे चार पाठवा म्हणावं."