भाकरीआधीचे शब्द

यरुशलेमात येशूला मानणारे यहुदी रोज विधवांना भाकरी वाटत. आलेक्सांद्रियाहून आलेली विधवा थिओडोटीही यहुदीच, पण तिची बोली ग्रीक. तीन दिवस ती रिकाम्या हातांनी परतली होती.

“आधी भाकरीवरची आशीर्वादाची प्रार्थना म्हण, आपल्या अरामीत,” वाढणारी शिफ्रा आजही म्हणाली.

“देवाला ग्रीक कळत नाही होय?” थिओडोटीने मोडक्या अरामीत विचारलं.

“त्याला कळत असेल गं बाई. मला नाही कळत.”

थिओडोटीने इतर बायकांचे ऐकलेले शब्द पुटपुटले. भाकरी हातात पडली.

“आता कशी आमची झालीस!”

थिओडोटीला काहीच वाटलं नाही. ती भिंतीशी बसून भाकरी चावत राहिली.

तेवढ्यात तिच्याच गावची एक म्हातारी जवळ आली. “पोरी, काय म्हणायचं ते मलाही सांग ना,” तिने ग्रीकमध्ये विनवलं.

“मला ग्रीक येत नाही,” थिओडोटी अरामीत म्हणाली.