खात्रीलायक सूत्र

संरक्षणतज्ज्ञांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं झाकता झाकता मेकअपवाल्या ताई टेकीला आल्या होत्या. संरक्षण करारानुसार आपली फौज मित्रदेशाच्या सीमेवर जाऊन वीस दिवस झाले होते, आणि तेव्हापासून साहेब रोज संध्याकाळी चॅनेलवर चर्चेला येत होते. ताईंचा लेक त्याच फौजेत होता.

“साहेब, आमची पोरं कधी हो परत येणार?” शेवटी न राहवून त्यांनी विचारलं.

“अहो ताई, मला तिथून कोण फोन करतंय! वीस दिवस त्याच त्या नकाशावर काठी फिरवतोय.” साहेबांनी दमून डोळे मिटले. “तुमचा लेक काय म्हणतो?”

“म्हणतो, आठवड्याभरात सगळे घरी.”

साहेबांनी डोळे उघडले.

पाचच मिनिटांत मेकअपच्या खोलीतल्या टीव्हीवर त्यांचा भारदस्त आवाज घुमला, “आघाडीवरच्या माझ्या खात्रीलायक सूत्रांनुसार, आठवड्याभरात फौजा माघारी येतील.”

ताईंचा पफ हातातच राहिला. तेवढ्यात मोबाइल वाजला. लेकाचाच फोन होता.

“आई, बातम्या बघितल्यास? खरंच सोडतायत आम्हाला! मी आपला तुला धीर यावा म्हणून रोज काहीबाही ठोकून देत होतो गं. आता इथं सगळ्यांनी सामान बांधायला घेतलंय!” त्याच्यामागे पोरांच्या हसण्याचा गलका ऐकू येत होता, वीस दिवसांत पहिल्यांदाच.



ताईंनी पफ खाली ठेवला. “हो रे राजा, मीही आत्ताच ऐकलं. साहेबांची माहिती कधी चुकत नाही.”