८०८० नंबरचं परसदार

नव्व्याण्णव साली दीपालीनं सांगलीतल्या घरातूनच स्वतःची वेबसाइट सुरू केली. फोनची लाइन कॉम्प्युटरला जोडलेली. ती तुटली की साइटचा पत्ता बदलणार, म्हणून पोरगी सकाळपासून जागची हलली नव्हती. दुकानाला निघालेल्या अण्णांच्या खिशात तिनं पत्त्याची चिठ्ठी कोंबली होती.

"पुढच्या दारात दुसराच प्रोग्रॅम ठाण मांडून बसलाय, अण्णा. पत्त्याच्या शेवटी ८०८० लिहिलं की मागच्या दारानं येता येतं."

"पुढचं दार सोडून परसातनं कोण येतंय गं?" अण्णा हसत गेले होते.

चार वाजले तरी पाहुण्यांचा आकडा शून्यच. दीपालीचं तोंड उतरलं. लाइन काढायला तिनं हात घातला, तेवढ्यात शून्याचा एक झाला आणि अभिप्रायाच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत मराठी मजकूर उमटला.

"दीपे, सकाळधरनं घरचा फोन फिरवून बोट झिजलं, सारखा एंगेज. शेवटी शेजारच्या कॉम्प्युटर क्लासात येऊन बसलोय. मिरजेचे पाव्हणे जेवायला येणार हायत. दिवस मावळल्यावर ते जेवत न्हाईत, त्याच्या आत पानं वाढायला पायजेत, आईला सांग. परसातनं आलोय. अण्णा."