दोन थेंब

"खिशात काय आहे, काढ," तोर्गिन म्हणाली.

झांदोसने बोटभर कुपी काढून टेबलावर ठेवली. आत पाण्यासारखं काहीतरी होतं. त्यातले दोन थेंब तिच्या फ्लास्कमध्ये टाकताना तिने त्याला रंगेहाथ पकडलं होतं. शेतातली जुनी कीटकनाशकं फस्त करणारे जिवाणू, हाच तिचा डॉक्टरेटचा प्रबंध. ते जिवंत दाखवायची परीक्षा शुक्रवारी.

आमच्या प्रयोगशाळेत झांदोस कुणालाच आवडत नसे. तोर्गिनशी तर त्याने वर्षभर बोलणं टाकलं होतं. का, ते कुणी विचारलं नाही. जळतो मेला, एवढं आम्हाला पुरेसं होतं.

आमच्या मार्गदर्शक रौशन आपाय तापल्या. "काय टाकत होतास?"

"ते मरू नयेत म्हणून टाकतो."

"ऐकलंत, आपाय? माझ्या जिवाणूंची आई झालाय हा!"

आम्ही पोट धरून हसलो.

"मला काढलंत तर शुक्रवारपर्यंत एकही उरणार नाही," तो म्हणाला.

"वर धमकी देतोस? चालता हो," आपाय ओरडल्या.

त्याने कुपी खिशात घातली. दाराशी वळून एकदा बघितलं, तेही फ्लास्ककडे, आमच्याकडे नाही. असला माणूस.

तोर्गिनने राखीव जिवाणूंच्या फ्रीजरला कुलूप घातलं, किल्ली गळ्यात अडकवली. परीक्षेनंतर सगळ्यांना जेवण द्यावं लागतं, म्हणून घोड्याचं मटणही सांगून ठेवलं.

बुधवारी जिवाणू मेले. तिने फ्रीजरमधले राखीव काढून नव्या फ्लास्कमध्ये लावले. शुक्रवारी सकाळी तोही फ्लास्क नितळच, आत काही वाढलंच नव्हतं.

"त्यानेच विष घातलं!" परीक्षकांसमोर तिला रडू फुटलं. आपायनी झांदोसला बोलावून घेतलं. तो आला आणि कुपी टेबलावर ठेवून उभा राहिला.

सर्वांत वयस्कर परीक्षक तोक्तार आगांनी कुपी उजेडात धरली.

"विष कसलं? कुलपातले राखीवही उगवले नाहीत ना? मग हे उपाशी मेले. असे जिवाणू बाहेर निसटून माजू नयेत म्हणून घडवणारा त्यांना एका खास खाद्याची सवय लावून ठेवतो. ते बंद झालं की संपले. जुनीच रीत आहे."

त्यांनी कुपी तोर्गिनपुढे सरकवली.

"पोरी, तुझ्या जिवाणूंना तू कशाची सवय लावलीस, तेवढं सांग."

तोर्गिन झांदोसच्या तोंडाकडे बघत राहिली.