कापसाआडची खिडकी

भाव येईपर्यंत कापूस घरातच राहणार होता. खिडकी बुडेल इतका उंच ढीग, आणि त्याच्या उतरणीवर तोंडाला दुपट्टा बांधून पडलेले सूर्यभान. सगळं घर दुपारच्या झोपेत होतं, त्यांचा खोकला तेवढा जागा.

पौर्णिमा उंबरठ्याशी लॅपटॉप घेऊन बसली होती. अमरावतीच्या विद्यापीठात ती टीबी कसा पसरतो याचं गणित मांडायची. आता टीबी दर्यापूरकडच्या त्यांच्याच घरी आला होता. बापाच्या गोळ्या नुकत्याच सुरू झालेल्या. आतल्या खोलीत वहिनीचं तान्हं निजलं होतं. मधे दार नव्हतं, नुसता पडदा.

"बाबा, हे पाहा." तिनं लॅपटॉपवरच्या गणितात वाऱ्याचा आकडा वाढवला. रोग्यांची उभी चढलेली लाल रेघ हळूहळू खाली बसली, सावलीत बैल बसतो तशी.

"खिडकी उघडली का इतका फरक?"

"हो. कापूस हटवू आपण."

"कापसाचं काय हाये, हटते." सूर्यभानांनी दुपट्टा वर ओढला. "पन खिडकी गल्लीत उघडते, माय. खोकला आयकू गेला का समोरचा जानराव येईन का मंग चहाले?"

पौर्णिमानं स्क्रीनवरचे चौकोन वरखाली केले. याचा आकडा तिच्याकडे नव्हता.

"आन हा चौकोन कोनाचा?"

"जे खोकतात पण सांगत नाहीत, त्यांचा. तो अंदाजानं भरते मी."

"अंदाजानं. आन म्हने विद्यापीठ."

आत तान्हं शिंकलं. नुसतं शिंकलं, आणि पुन्हा झोपी गेलं.

सूर्यभान उठले. दोन्ही हातांनी कापूस ओढत ढिगात शिरले. आधी कोपर दिसेनासे झाले, मग खांदे. आतून गंजलेली कडी वाजली.

खिडकी उघडली तसा वारा आत आला आणि कापूस बाहेर निघाला. पांढरे पुंजके गल्लीवरून सावकाश तरंगत गेले, विजेच्या तारांवर टेकले. समोर ओट्यावर बसलेल्या जानरावांच्या खांद्यावर एक उतरला. त्यांनी वर पाहिलं.

सूर्यभानांनी दुपट्ट्यात तोंड धरून पोटभर खोकून घेतलं. मग म्हणाले, "टीबी हाये मले, जानराव. गोळ्या चालू हायेत."

जानराव काही बोलणार, एवढ्यात त्यांच्या पाठीमागच्या बंद खिडकीआड, उशीत तोंड दाबल्यासारखं, कुणीतरी खोकलं.