बाळंतिणीची आग

जंगल खात्याच्या नाक्यावरच्या शिपायाने बुधरीबाईंच्या डोक्यावरची मोळी उतरवून घेतली.

"जंगलातली लाकडं हायेत. जप्त."

"जंगलातली काऊन राहतीन? माह्या बांधावरची सुबाभूळ हाय. म्याच लावली, म्याच तोडली. घरी सून बाळंत झाली, थंडीत तिले अन् लेकराले शेक पायजे."

"ते उद्या सायबाले सांग, बाई."

सांज झाली, गारठा वाढला. बुधरीबाई पुन्हा नाक्यावर आल्या, तेव्हा त्यांचीच मोळी पडवीत धडधडून पेटली होती आणि भोवती शिपाई तळहात शेकत बसले होते. त्या तशाच माघारी वळल्या.

"गेली म्हातारी!" शिपाई हसले.

थोड्याच वेळात गावातल्या बायका खांद्यावर बाज घेऊन आल्या. बाजेवर घोंगडीत लेकराला कवटाळून सून रंजीता निजली होती. बायकांनी बाज आगीजवळ टेकवली.

"हे काय लावलं, बाई? हा सरकारी नाका हाय!"

"आता बाळंतिणीची खोली हाय," बाजेच्या पायथ्याशी ठाण मांडत बुधरीबाई म्हणाल्या. "अन् बाळंतिणीच्या खोलीत बाप्या मानूस बसत नाई. उठा."